पाहाले काय हाये? वऱ्हाडातला एक खाण्या-फिरण्याचा दिवस

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या माणसाला ‘तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारून बघा. तो आधी चिखलदऱ्याचं नाव घेईल, मग शेगावचं, मग लोणारचं. म्हणजे गावात बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं गावाबाहेर आहे. मी स्वतः अकोल्याचा, आजोळ अमरावतीचं, नोकरी पुण्यात. कंपनीतली मंडळी सुट्टीत सेव्हिल, बार्सिलोना, ग्रानादा करून येतात. ‘सकाळी चर्च पाहिलं, दुपारी हे खाल्लं, संध्याकाळी गल्ल्यांतून भटकलो’ अशा धर्तीचे फोटो ग्रुपवर येतात, आणि आम्ही सगळे त्यांना बदाम पाठवतो. गेल्या दिवाळीत मी ठरवलं की असाच एक दिवस आपल्याकडे घालवायचा. सकाळ अमरावतीत, दुपारनंतर अकोल्यात. गावाबाहेर जायचं नाही, चिखलदऱ्याचं नाव काढायचं नाही, आणि दर दोन तासांनी काहीतरी खायचं.

मावशीला बेत सांगितला तर ती म्हणाली, ‘‘बाप्पा! जवाहर गेट पाहाले पुण्याहून आला का तू? तिथं तं मी रोज भाजी आणाले जातो.’’ (वऱ्हाडात बायकाही ‘जातो’ म्हणतात, छपाईची चूक समजू नये.)

तिचं बरोबरच आहे. वऱ्हाडच्या राजधान्या वेगळ्या होत्या. इमादशाहीची राजधानी अचलपूर. सत्तेची ताकद होती गाविलगड आणि नरनाळ्याच्या डोंगरी किल्ल्यांत. अमरावती आणि अकोला ही पेठांची गावं. राजधानीत राजवाडे, मकबरे, बागा राहतात. पेठेत राहतात भिंती, दरवाजे, गोदामं आणि खाण्याची दुकानं. त्यामुळे पेठ बघायची तर महाल शोधून उपयोग नाही. माल कुठून आला, कुठे गेला आणि वाटेत कोण काय खाऊन गेलं ते शोधावं लागतं.

सकाळी साडेसातला जवाहर गेटपाशी उभा राहिलो. दुकानं उघडायची होती, म्हणून दरवाजा दिसत होता. दहानंतर तो दिसत नाही. ऑटो, हातगाड्या, कपड्यांचे ढीग आणि जाहिरातींचे फलक एवढंच दिसतं. दगडाच्या सांध्यांतून पिंपळाची रोपं वर आली आहेत, कमानीवरून केबलच्या तारांचे झुबके लोंबतात. जवाहर गेट हे नेहरूंच्या काळातलं बारसं. जुनं नाव भुसारी दरवाजा. भुसार माल, म्हणजे धान्य-कडधान्य, इथून आत येई. बाकीचे दरवाजे नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरी आणि अंबा. नागपूरच्या वाटेवरचा नागपुरी, खोलापूरच्या वाटेवरचा खोलापुरी. एकाही दरवाजाला मूळ नाव राजाचं नाही.

या पाच दरवाजांना आणि चार खिडक्यांना जोडणारी भिंत म्हणजे अमरावतीचा परकोट. निजामाच्या सरकारनं १८०७ साली तो बांधायला घेतला. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट. तो कुणा शत्रूराजापासून बचाव करायला बांधलेला नव्हता. भीती होती पेंढाऱ्यांची. घोड्यांवरून यायचं, गाव लुटायचं, चारी दिशांना पांगायचं, असा त्यांचा धंदा, आणि अमरावतीत लुटण्यासारखं पुष्कळ होतं. म्हणजे गावात आधी पैसा आला आणि भिंत नंतर आली. आपण शाळेत शिकतो ते किल्ले याच्या उलट असतात: आधी भिंत, मग तिच्या आधारानं वस्ती.

हा पैसा इथे आला कसा, याचं एक उत्तर अकोल्याच्या लोकांना आवडणारं नाही. जुनं गॅझेटिअर सांगतं की अठराव्या शतकात अकोल्याच्या तालुकदाराच्या जुलमाला कंटाळून तिथली बरीच वस्ती उठून अमरावतीला आली, आणि तिथून अमरावतीची भरभराट सुरू झाली. त्या काळी वऱ्हाडात दोअमली होती. मुलूख निजामाचा, पण महसुलात नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा. एकाच शेतकऱ्याकडे दोन सरकारांची माणसं येत. ज्या गावात त्यातल्या त्यात कमी छळ, तिकडे व्यापारी सरकत असणार असं मला वाटतं. आज पगार आणि ट्रॅफिक बघून आम्ही पुणे-हैदराबाद-बंगळूर यांत जी निवड करतो, तिच्याच जातीची ही गोष्ट आहे.

पहिलं खाणं दरवाजाच्या आतल्या एका टपरीवर. आलुबोंडा. दुकानदाराचा प्रश्न ठरलेला: ‘‘कढी टाकू का रस्सा, भाऊ?’’ पुण्याच्या मित्रांना हा प्रश्न कळत नाही. बटाटेवड्यावर कढी? हो, कढी. गरम, पातळ, हळदीची, वरून तळलेली मिरची. बोंडा चमच्यानं फोडायचा आणि कढीत भिजवायचा. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी पावात वडा कोंबून कोरडा खाणं हे कितपत शहाणपणाचं आहे, याचाही एकदा विचार करावा.

प्लेट हातात असतानाच मला त्या सेव्हिलच्या फोटोंची आठवण झाली. तळलेल्या बटाट्यांवर तिखट लाल सॉस, ‘पातातास ब्रावास’ नावाचा तिकडचा पदार्थ. आमच्या बोंड्याचा तो चुलतभाऊच. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली. स्पेनच्या राणीनं १५०३ मध्ये अमेरिकेच्या व्यापाराची कचेरी सेव्हिलला उघडली आणि पुढची दोनशे वर्षं तिकडचा माल त्या शहरातून जात राहिला. आपल्याकडे मिरची आणली ती पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. त्याआधी वऱ्हाडातल्या माणसाच्या जिभेला तिखट म्हणजे मिरं, पिंपळी आणि आलं. ठेच्याशिवायचं वऱ्हाड ही कल्पना मावशीला ऐकवली तेव्हा ती म्हणाली, ‘‘मंग भाकरीसंगं खात काय होते ते?’’ प्रश्न रास्त आहे.

जवाहर गेटपासून सराफ्यातून अंबागेटकडे चालत गेलो. रस्ता सरळ नाही. परकोटाच्या आतल्या गल्ल्या अजून बैलगाडीच्या मापाच्या आहेत. मध्येच एखादा जुना वाडा लागतो, खाली मोबाईलचं दुकान, वर सागवानी कोरीव तुळई. या वाड्यांमागच्या व्यापाराचं मोजमाप सांगणारी एक नोंद आहे. १८४२ साली एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे पाठवला, असं गॅझेटिअरमध्ये लिहिलं आहे. मी इंजिनिअर असल्यानं मला आकडा दिसला की भागाकार सुचतो. एका बैलाला दहा फूट जागा धरली, तर एक लाख बैलांची एकेरी रांग जवळजवळ ३०५ किलोमीटर होते. अमरावती ते नागपूर अंतर दोनदा मोजा. इतके बैल एका दिवशी निघाले नसणार हे उघड आहे, हंगामभर तांडे जात राहिले असणार. पण आकडा निम्मा फुगवलेला धरला, तरी अमरावतीतल्या एका पेढीमागे किती लमाण, किती चारा, किती पाणवठे आणि किती हिशेबनीस उभे असतील याचा अंदाज येतो.

याच कापसानं अमरावतीचं नाव लिव्हरपूलला नेलं. तिथल्या बाजारात वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला ‘ऊम्राज’ म्हणत. उमरावती हे गावाचं जुनं नाव, त्याचं हे साहेबी बहुवचन. अमरावती कुठे आहे हे ठाऊक नसलेली माणसं तिच्या नावानं सौदे करत होती.

अंबागेटाच्या बाहेर अंबादेवी आणि एकवीरा. रुक्मिणीनं याच देवळातून कृष्णाबरोबर पळ काढला अशी इथली श्रद्धा. रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडिण्यपूर वर्धा नदीकाठी, याच जिल्ह्यात आहे. देवळात गर्दी होती, मी बाहेरूनच हात जोडले आणि परकोटाच्या कडेकडेनं खुनारी खिडकीकडे गेलो. खिडकी म्हणजे लहान दरवाजा. नावात खून आहे तो खरोखरचा. परकोट बांधून होण्याच्या सुमारास मोहरमच्या वेळी इथे मारामारी झाली आणि ७०० माणसं मेली, अशी नोंद आहे. ज्या भिंतीनं बाहेरच्यांना थोपवायचं, तिच्याच आत हे घडलं. खिडकीपाशी त्याची पाटी वगैरे काही नाही. एक आजोबा खाट टाकून बसले होते. त्यांना नावाचं कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘खून झाला असंन कोनाचा तरी.’’ दोनशे वर्षांनी सातशेचा एक झाला होता.

तिथून पुढे मात्र मला हलकंफुलकं काहीतरी हवं होतं, म्हणून गिला वडा. दह्यात भिजवलेला उडदाचा वडा, वर लाल तिखट, चटणी. तुम्ही म्हणाल हा तर दहीवडा. अमरावतीकर तसं म्हणू देणार नाही. मला त्यातलं ‘गिला’ हे विशेषण मोलाचं वाटतं. मराठीत तो ‘ओला वडा’ झाला असता. पण या पेठेत मारवाडी-गुजराती पेढ्या आल्या, उत्तरेकडचे कारागीर आले, निजामाच्या कचेऱ्यांची उर्दू होती, आणि खाण्याची नावं बाजाराच्या भाषेत पडली. उलट कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, त्यामुळे बाहेरगावी भाजीवाल्यासमोर आमची पंचाईत होते. सांबारवडी मागितली की पुण्यातले लोक डोशाच्या वाटीत काहीतरी बुडालेलं डोळ्यांपुढे आणतात. खरं तर ती भरपूर कोथिंबीर, खोबरं, खसखस यांचं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून तळलेली वडी, आणि सोबत पुन्हा कढी. मावशीनं डब्यात सहा दिल्या होत्या.

अमरावतीत आणखी दोन जागा पटकन सांगतो. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेलं. इथल्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन हुतूतू आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. आणि खापर्डे बगीचा. दादासाहेब खापर्डे म्हणजे टिळकांचे जिवलग, मोठे वकील, आणि १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं तेव्हाचे स्वागताध्यक्ष. अध्यक्ष होते शंकरन नायर. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. अधिवेशन डिसेंबरात झालं, आणि त्याच्या आदलं वर्ष वऱ्हाडात दुष्काळाचं होतं. दोन वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, त्याहून भयंकर दुष्काळ आला. ज्या प्रांताच्या कापसाचे लिव्हरपूलमध्ये सौदे होत होते, तिथे माणसं अन्नाविना मेली. ज्वारीच्या शेतात कापूस आला होता, आणि कापूस खाता येत नाही. धान्याचे भाव चढले की ज्याच्या हाती फक्त मजुरी, त्याची मजुरीही पावसाबरोबर गेलेली असे. इतिहासाच्या पुस्तकांत ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण कौतुकानं येते. कुऱ्हाड तोडते, हे मात्र त्यात कुणी वाचत नाही.

साडेअकराला बडनेऱ्याला आलो. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, पण तो अमरावतीत शिरला नाही, बडनेऱ्यावरून गेला. काही वर्षांनी सहा मैलांचा फाटा टाकून अमरावती जोडली. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५. त्या काळात तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे शेवटपर्यंत पोचली तोवर युद्ध संपलं होतं आणि भाव पडले होते. लोहमार्ग मात्र राहिला, आणि कापूस त्यावरून जातच राहिला. मी आयटीत सहा वर्षं काढली आहेत. मागणी ओसरल्यावर पूर्ण होणारे प्रकल्प मला चांगले परिचयाचे आहेत.

बडनेरा ते अकोला सुमारे ८० किलोमीटर. पॅसेंजरच्या डब्यात समोर एक जोडपं मोर्शीची संत्री सोलत होतं. काकूंनी न विचारता अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. ‘‘घे ना बाबू, लाजतं काहून?’’ मी सांबारवड्या पुढे केल्या. काकांनी एक खाल्ली, दुसरी उचलली आणि विचारलं, ‘‘अमरावतीच्या का अकोल्याच्या?’’ अमरावतीच्या म्हटल्यावर म्हणाले, ‘‘तरीच खसखस कमी हाये.’’

मूर्तिजापूर आलं. इथून दोन बाजूंना अरुंद रूळ फुटतात, एक अचलपूरकडे, एक यवतमाळकडे. हीच शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी काढलेली रेल्वे. देशभरच्या रेल्वे सरकारी झाल्यावरही हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरचं इंजिन वऱ्हाडात आलं. त्या व्यवहारातला आपल्याकडे उरलेला भाग म्हणजे फलाटापलीकडच्या गवतात बुडालेले ते रूळ. माझी आजी या गाडीनं माहेरी जात असे. गाडी इतकी सावकाश चाले, की पोरं उतरून बोरं तोडत आणि पुन्हा चढत, असं ती सांगायची. शकुंतलेबद्दल हीच गोष्ट प्रत्येक वऱ्हाडी आजी सांगते, त्यामुळे ती एक तर खरी आहे किंवा फार चांगली आहे.

इथून दक्षिणेला कारंजा. १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार तिथे सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. आज ज्या बाजार समित्यांवरून निवडणुका लढल्या जातात त्यांचं मूळ इथे. हेतू शेतकऱ्याला न्याय देणं एवढाच नव्हता; इंग्लंडच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस ठरल्या जागी, ठरल्या मापानं मिळावा ही गरजही होती. शेतातल्या बियाण्याचं तर विचारूच नका. जुन्या वऱ्हाडी ‘बनी’ कापसाचा धागा नाजूक. त्याला एकोणिसाव्या शतकातच ‘जरी’ नावाच्या जाड, जास्त पीक देणाऱ्या जातीनं मागे टाकलं. आज गाडीच्या खिडकीतून जो कापूस दिसतो तो जवळजवळ सगळा मूळ मेक्सिकोकडच्या जातीचा, आणि २००२ नंतर बीटीचा. बटाटा, मिरची आणि शेतातलं पीक, सगळ्यांचं मूळ गाव समुद्रापलीकडे एकाच बाजूला. जुनी राहिली ती ज्वारी आणि जवस.

अकोल्याला मामा स्टेशनवर घ्यायला आला होता. मी त्याला जाता जाता ती गॅझेटिअरची गोष्ट सांगितली, की अकोल्याची वस्ती उठून अमरावतीला गेली होती. तो गाडी चालवता चालवता खूश झाला. ‘‘पाह्य! म्हंजे अमरावती म्हंजे आमच्या इथून पळून गेलेले लोकं हायेत.’’ जुलूम अकोल्यात होता हा भाग त्यानं सोडून दिला.

घरी जेवायला कळण्याची भाकर, झुणका, जवसाची चटणी आणि अंबाडीची भाजी. दुपारच्या झोपेवर मात करून चार वाजता असदगडावर गेलो. मोर्णा नदीच्या बाजूला, जुन्या शहरात हा भुईकोट आहे. अकोल्याच्या जन्माची कथा अशी: अकोलसिंग नावाच्या माणसानं इथे एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिलं, जागा शुभ मानली आणि मातीची भिंत घातली. गोष्ट गोड आहे, पण विजयनगरच्या स्थापनेची हीच, अहमदाबादची हीच. आमच्या धंद्यात याला टेम्प्लेट वापरणं म्हणतात. गावाला जन्मकथा हवी होती, ससा-कुत्रा तयार होते, फक्त गावाचं नाव बदललं.

दगडी कोट नंतरचा. औरंगजेबाचा वजीर असदखान याला अकोला जहागिरीत होतं, त्याच्या नावावरून असदगड. काम ख्वाजा अब्दुल लतीफ यानं करवलं, १६९७-९८ च्या सुमाराला. हे कळतं ते कोरीव लेखांवरून. एक दहीहांडा वेशीवर, एक ईदगाहवर, एक फत्ते बुरुजावर. पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीची फौज या भागातून गेली आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला उत्तरेकडे अडगावला भोसल्यांचा पराभव झाला. हाच वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. मधल्या वर्षांत तो कुठे होता? स्पेनमध्ये. वऱ्हाडनंतर त्यानं स्पेनची शहरं पाहिली, एवढं मी कंपनीतल्या मंडळींना आवर्जून कळवलं आहे. १८७० च्या आसपास इंग्रजांनी असदगड पाडून निकामी केला. मधला हवाखाना उरला, त्यात काही काळ शाळा भरत होती. शाळेला इतका वारा मिळालेला दुसरा किल्ला माझ्या माहितीत नाही.

पण मला बघायची होती आगर वेस. कारण या वेशीवरचा लेख मराठीत आहे, आणि त्यात लिहिलं आहे की हा किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये बांधला. बाकीच्या सगळ्या लेखांशी हे जुळत नाही. जवळजवळ दीडशे वर्षांचा फरक! गॅझेटिअरकारांनीही या विधानाचं मूळ कळत नाही असं म्हणून हात टेकले आहेत.

मामा म्हणाला, ‘‘खोटं बोलला असंन.’’

मला तसं वाटत नाही. १८४३ मध्ये वऱ्हाड निजामाचं होतं. तिजोरी रिकामी, महसूल मक्त्यानं दिलेला, आणि दहा वर्षांत, १८५३ साली, कर्जापोटी हा सगळा मुलूख इंग्रजांच्या हवाली व्हायचा होता. अशा काळात कुणा गोविंद आप्पाजीनं पडकी वेस, एखादी भिंत दुरुस्त करवली असेल. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही केलेल्या प्रत्येक बदलाला ‘कमिट’ म्हणतात, आणि त्यावर करणाऱ्याचं नाव पडतं. एखादा नवा माणूस जुन्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या ओळींचं नुसतं समासाचं अंतर नीट करतो, आणि त्यानंतर यंत्र प्रत्येक ओळीपुढे त्याचंच नाव दाखवायला लागतं. मूळ लिहिणारा दिसेनासा होतो. गोविंद आप्पाजीचं तेच झालं असावं असा माझा तर्क आहे. त्यानं पैसे घातले, गवंडी लावले, आणि लेख कोरणाऱ्यानं ‘दुरुस्त केला’ऐवजी ‘बांधला’ लिहिलं. किंवा त्यानंच तसं लिहायला सांगितलं. वजिराचं नाव सगळ्या फारसी पुस्तकांत आहे. या माणसाचं नाव माझ्या माहितीत तरी या एका दगडावर आहे, आणि दगड भर वाहतुकीत, धुरात आणि फलकांच्या गर्दीत आहे. पडक्या भिंतीची डागडुजी स्वतःहून कोण करतं? आपल्याकडे ती करणाऱ्यानं थोडी शेखी मिरवली तर मिरवू द्यावी असं माझं मत झालं.

मामाला हे पटलं नाही. ‘‘पण बांधला तं नाही ना त्यानं!’’ असं तो परत येताना दोनदा म्हणाला.

संध्याकाळी कचोरी. शेगाव अकोल्याहून ३७-३८ किलोमीटर, पण तिथली कचोरी इथेही मिळते आणि अकोल्याचे लोक ती आपलीच समजून खातात. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं शेगावच्या स्टेशनावर ती सुरू केली. मुगाचं सारण, खमंग आवरण, सोबत तळलेली मिरची. आता ती गजानन महाराजांच्या प्रसादाइतकीच शेगावची वाटते. तिचं वय पाऊणशे वर्षांच्या आत-बाहेर आहे आणि तिचे आईबाप निर्वासित होते, हे सांगितलं तर वऱ्हाडी माणूस म्हणतो, ‘‘मंग काय झालं?’’ खरंच काही झालं नाही. पेठेत जो माल घेऊन येतो तो पेठेचा होतो, एवढी सवय या गावांना दोन-तीनशे वर्षांची आहे.

रात्रीची पुण्याची गाडी होती. स्टेशनवर मामानं कचोऱ्यांचं पुडकं हातात दिलं, वर दोन मिरच्या. फलाटावर पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली निदान वीस पोरं होती, दिवाळी संपवून परत निघालेली. गोपाळ गणेश आगरकर अकोल्याला राहून मॅट्रिक झाले आणि १८७५ च्या सुमारास शिकायला इथून पुण्याला गेले, खिशात जवळजवळ काही नसताना. अकोल्यात त्यांच्या नावाची शाळा आहे. ते पुण्याचेच झाले. त्यांच्या पुडक्यात काय होतं याची नोंद नाही. शेगावची कचोरी तेव्हा व्हायची होती. डब्यात शिरलो तर माझ्या बर्थवर अमरावतीहून बसलेली एक मुलगी होती. ती उठली, पुडक्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘अकोल्याची का दादा? कढी नाही आणली संगं?’’